खापरपणजोबांचा माग

२०२३च्या सप्टेंबरात राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांना अचानक भाव आला. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता असे गठ्ठे सुटू लागले. मोडी वाचणारा कुणी आहे का, उर्दू वाचणारा कुणी आहे का, अशी विचारणा सुरू झाली. शोधायचं एकच होतं : पणजोबा-खापरपणजोबांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात ‘कुणबी’ असं लिहिलंय का? पुढे हे काम राज्यभर पसरलं आणि अशा ५० लाखांहून अधिक नोंदी मिळाल्याचं सरकारने सांगितलं.

मराठा आरक्षणाच्या वादाचं काय व्हायचं ते होईल. पण त्या निमित्ताने एक वेगळीच गोष्ट घडली. ‘आजोबांच्या वडिलांचं नाव काय?’ असं विचारलं की जिथे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे, अशा घरांमध्ये चार-पाच पिढ्यांच्या वंशावळी तयार झाल्या. बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं टाकलेली भावकी कागदाच्या गरजेपोटी एका ओट्यावर बसली. जातीच्या दाखल्यासाठी निघालेली माणसं आपल्याच घराण्याच्या इतिहासात जाऊन पडली.

यात नवल वाटण्यासारखं तसं काही नाही. मराठी मुलखात पूर्वजांची नावं पुष्कळ लिहिली गेली, पण पूर्वजांच्या आठवणीसाठी ती क्वचितच लिहिली गेली. वतन टिकवायचं होतं, सारा वसूल करायचा होता, दक्षिणा मिळवायची होती, वारसा सिद्ध करायचा होता, म्हणून लिहिली गेली. त्यामुळे घराण्याचा शोध घेणाऱ्याने कुठलाही जुना कागद हाती आला की आधी विचारावं, हा कागद कुणाच्या कामाचा होता? ज्याचा काही हक्क होता, किंवा ज्याच्याकडून कुणाला काही येणं होतं, त्याचं नाव सापडतं. बाकीच्यांचं सापडायला नशीब लागतं.

शिवकाळात आणि पेशवाईत हा प्रकार उघड दिसतो. गावच्या पाटीलकीवर किंवा परगण्याच्या देशमुखीवर दोन घरं हक्क सांगू लागली की गोतसभा बसायची. दोन्हीकडचे लोक आपापला ‘करीना’ लिहून द्यायचे. मूळ पुरुष कोण, वतन कुणी दिलं, कुणाला किती मुलगे, कोण निपुत्रिक वारला, कोणती शाखा थोरली आणि कोणती धाकटी, हे सगळं त्यात असे. निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्यावर साक्षीदारांची नावं आणि पाटलाच्या नांगराची, कुणाच्या तराजूची अशी निशाणी असे. साक्षी-पुराव्याने निकाल लागला नाही तर दिव्य करावं लागे. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा, मग हात पिशवीत बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी पिशवी उघडून फोड आलाय का ते बघायचं. वंशावळ खरी की खोटी, याचा निर्णय अशा भाजलेल्या तळहातावरही झालेला आहे. भोर भागातल्या कारीच्या जेधे देशमुखांचा करीना आणि त्यांची शकावली आज शिवचरित्राची महत्त्वाची साधनं मानली जातात. लिहिताना त्या घराला चिंता आपल्या देशमुखीची होती.

पुढे इंग्रज आले आणि त्यांनी १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले. जमिनी बिनसाऱ्याने खाणाऱ्यांनी पुरावा दाखवावा, नाहीतर जमीन सरकारजमा. मग घरोघरच्या पेट्यांतून सनदा निघाल्या आणि त्यांच्याबरोबर कैफियती आणि वंशवृक्ष कमिशनपुढे गेले. सरकारला जमिनी काढून घ्यायच्या होत्या आणि इनामदारांना वाचवायच्या होत्या. या ओढाताणीतून दख्खनमधल्या असंख्य घराण्यांची लेखी वंशावळ तयार झाली. हे कागद पेशवे दप्तराच्या शेजारीच, पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले आहेत. अर्थात त्यातली प्रत्येक वंशावळ खरी मानायची नाही. जमीन जायची वेळ आली की निपुत्रिक आजोबाला मुलगा ‘होऊ’ शकतो.

इतकं मागे जायच्या आधी सामान्य माणसाने सुरुवात मात्र सातबाऱ्यापासून करावी. घरची जमीन गुंठाभर असो की आता नसो, कधीकाळी होती एवढं जरी माहीत असलं तरी पुरे. आजच्या सातबाऱ्यावर नावाखाली वर्तुळात किंवा कंसात एक आकडा असतो, तो फेरफाराचा क्रमांक. तो फेरफार काढला की त्यात आधीच्या फेरफाराचा धागा मिळतो. असं एकेक पाऊल मागे जात राहायचं. मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, त्यामुळे तिथल्या गावांत फेरफारांची ही साखळी शंभर वर्षं सहज मागे जाते. त्याही मागे जमीन मोजणीचे कागद आहेत. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून जी पद्धत सुरू केली, तिच्यात प्रत्येक शेताला सर्वे नंबर आणि त्यापुढे कब्जेदाराचं नाव आलं. मराठवाडा निजामाकडे असल्याने तिथे कागद वेगळे, खासरा पत्रक हा त्यातला हमखास मिळणारा. विदर्भात बंदोबस्ताची मिसल आणि अधिकार अभिलेख बघतात. अनेक जिल्ह्यांतली जुनी कागदपत्रं आता स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आली आहेत. जी आली नाहीत त्यांच्यासाठी नक्कल अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प आणि अभिलेखपालाशी गोड बोलणं हे तिन्ही लागतं.

वारसाचा एक जुना फेरफार समोर ठेवून वाचला की काय काय हाती लागतं ते कळतं. सुरुवातीला वर्दी कुणी दिली आणि केव्हा, हे असतं. मग अमुक बिन तमुक हा अमुक तारखेला मयत झाला, त्यास वारस म्हणून मुलगे इतके, वयं अशी, आणि बायको. म्हणजे एका चिठोऱ्यात मृत्यूची तारीख, तीन पिढ्या आणि मुलांच्या जन्माचा अंदाज. फक्त जुन्या तलाठ्यांच्या खुणा ओळखीच्या व्हायला हव्यात. ‘बिन’ किंवा ‘वल्द’ पुढे बापाचं नाव. बाईच्या नावापुढे ‘भ्र.’ असेल तर भ्रतार, म्हणजे पुढचं नाव नवऱ्याचं. त्याच अर्थाने जुन्या कागदांत ‘कोम’ आणि मराठवाड्यात ‘जौजे’ येतं. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता, पोर लहान होतं आणि आई किंवा चुलता त्याच्या वतीने उभा होता. सगळ्यात फसवी खूण ‘ए.कु.मॅ.’ची, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावापुढे ही अक्षरं दिसली की समजावं, त्याच्या पाठीमागे आणखी भाऊ उभे आहेत, कागदावर फक्त तो एकटा आहे. कित्येकांची धाकटी पाती याच जागी हरवते आणि पुढची तीस वर्षं कोर्टात भांडत राहते.

दुसरा मोठा आधार कोतवाल बुकाचा. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, याची नोंद गाव नमुना चौदामध्ये व्हायची आणि ती खबर कोतवाल द्यायचा, म्हणून लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. मृत्यूच्या पानावर कारणही असतं : ताप, देवी, पटकी. १९१८च्या अखेरची पानं तर बघवत नाहीत. मानमोडीच्या साथीत एकेका घरातली तीन-तीन माणसं आठवड्याभरात गेल्याच्या ओळी सलग येतात. घरात ‘आमची एक पिढी मधेच नाही’ अशी नुसती कुजबुज असते, तिचा उलगडा या पानांवर होतो.

शाळेचं जनरल रजिस्टर हे तिसरं. सातारच्या आताच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला ‘भिवा रामजी आंबेडकर’ या मुलाचा प्रवेश नोंदलेला आहे. ही तारीख आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळली जाते. वंशावळीच्या अभ्यासकाला या नोंदीत आणखी एक धडा दिसतो. बाबासाहेबांच्या घराचं आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि रजिस्टरात तिसरंच. ‘सकपाळ’ एवढंच शोधणाऱ्याला हा मुलगा कधीच सापडला नसता. (शाळेच्या जन्मतारखांवर मात्र फार विसंबू नये. महाराष्ट्रात एका पिढीतल्या हजारो माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, तो मास्तरांच्या कृपेने.)

आडनाव ही तशी निसरडी वस्तू. मास्टर दीनानाथांचे वडील मंगेशीच्या देवळात पुजारी होते आणि त्यांचं आडनाव मंगेशकर नव्हतं. गावावरून मंगेशकर हे नाव दीनानाथांनी लावलं. कुणबी, माळी, धनगर यांच्या जुन्या कागदांत तर आडनाव पुष्कळदा नसतंच. नाव, बापाचं नाव, फार तर ‘पाटील’ किंवा ‘वस्ती अमुक’. याउलट कोकणातल्या बेने इस्राएलांनी पेणकर, नवगावकर, दिवेकर अशी आडनावं इस्राएलपर्यंत नेली आणि रायगड जिल्ह्यातली आपली गावं त्यात जपून ठेवली. म्हणून जाणकार आडनावापेक्षा गाव आणि कुलदैवत आधी विचारतात. नागपूरचं एखादं घर वर्षाआड गुहागरच्या व्याडेश्वराला जात असेल, तर त्याचा प्रवास कुठून सुरू झाला हे सांगायला वेगळा कागद लागत नाही.

१९५०च्या मागे जायचं तर बहुतेक ठिकाणी मोडीशी गाठ पडतेच. ती काही फार अवघड लिपी नाही. सराव केला की दोन-तीन महिन्यांत छापल्यासारखं सुवाच्य मोडी वाचता येतं. अडचण येते ती कारकुनांच्या हाताची आणि तारखांची. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास येतो, शकात ७८. पेशवेकालीन कागदांवर मात्र सुहूर सन असतो आणि तोही आकड्यात नाही, अरबी शब्दांत, उलट्या क्रमाने. ‘सबा खमसैन मया अलफ’ म्हणजे सात, पन्नास, शंभर, हजार. झाले ११५७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणजे इसवी सन १७५६-५७. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात हे सगळं शिकलेली माणसं पिढ्यान् पिढ्या तयार झाली. १९१० साली हे मंडळ स्थापन करणारे वि. का. राजवाडे स्वतः गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरचे असले कागद मिळवत हिंडले.

सरकारी कागदांपेक्षा अधिक गंमत देवाच्या दारी आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार अशा प्रत्येक क्षेत्री घराण्याचा उपाध्याय ठरलेला असतो आणि त्याच्याकडे वह्या असतात. नाशिकच्या रामकुंडावर उतरलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो तो ‘मूळ गाव?’ हा. पुणे, मुंबई, ठाणे असं उत्तर दिलं की उपाध्याय मान हलवतात, कारण वह्या लावलेल्या असतात मूळ गाव आणि आडनाव यांवर. तालुका, गाव, आडनाव इतकं सांगितलं की लाल फडक्यातलं बाड उघडलं जातं आणि थोड्या वेळाने बोट एका ओळीवर थांबतं. खापरपणजोबा अमुक शके वर्षी आईच्या अस्थी घेऊन आले होते, बरोबर धाकटा भाऊ होता, भावाचं नाव हे, मुलगे हे. खाली त्यांची सही. बहुतेकांना आपल्या त्या पूर्वजाच्या हातची ही एकुलती ओळ असते. सही येत नसेल तर उपाध्यायानेच ‘दस्तूर’ म्हणून दुसऱ्याचं नाव घातलेलं असतं. शेवटी आलेल्या माणसाला आपलं, भावांचं आणि मुलांचं नाव लिहून सही करावी लागते. वही अशी पुढे सरकते.

हे ज्ञानदान मात्र नव्हे. यजमान ही उपाध्यायाची मिळकत. कुठल्या गावचे, कुठल्या आडनावाचे यजमान कुणाचे, याच्या वाटण्या व्हायच्या, ते गहाण पडायचे, विकलेही जायचे, आणि त्यांच्याबरोबर वह्याही हात बदलायच्या. त्यामुळे एखादं घराणं एका उपाध्यायाकडे १८८० पर्यंतच मिळतं आणि पुढचं दुसऱ्याच वाड्यात सापडतं. या वह्यांची जगाने दखल घेतली तीही दुसऱ्याच कारणाने. अमेरिकेत यूटा राज्यात मॉर्मन पंथाचं मुख्य ठाणं आहे. मेलेल्या पूर्वजांनाही दीक्षा देता येते, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून जगभरच्या वंशावळी जमवण्याचा त्यांना नाद. त्यांच्या वंशावळ संस्थेने १९७०च्या दशकापासून हरिद्वार आणि इतर क्षेत्रांतल्या वह्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या. आज फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर त्यातला बराच भाग घरबसल्या पाहता येतो. सूची मात्र नीट नसल्याने पानामागून पान उलटत बसावं लागतं, आणि ओळखीचं नाव दिसेपर्यंत डोळे जातात.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या बेळगाव-विजापूर पट्ट्यात याच्याही पुढची सोय होती. वही तुमच्या दारात यायची. सुगी आटोपली की घराण्यांच्या वंशावळी सांगणारा हेळवी येतो. पूर्वी सजवलेल्या बैलावर बसून यायचा, हल्ली टेम्पोने येतो. देवळात किंवा पाटलाच्या सोप्यात बिऱ्हाड टाकतो. ठरलेल्या घरापुढे उभा राहिला की मूळ पुरुषापासून सुरुवात : तो कुठल्या गावचा, कुठल्या दैवताचा, कशापायी गाव सोडलं, त्याला किती मुलगे, त्यातला कोण कुठे जाऊन राहिला. सुरात, न थांबता, वर्तमानापर्यंत. मध्येच एखादा म्हातारा ‘ते थांब, परत म्हण’ म्हणतो आणि हरवलेल्या भावकीचा पत्ता लागतो. मग चोपडी निघते, गेल्या खेपेनंतर जन्मलेल्या पोरांची नावं चढतात, आणि हेळव्याच्या पदरात जोंधळे, लुगडं, रोकड पडते. एखाद्या चांगल्या वर्षी खोंडही. गावंही या लोकांनी आपसांत वाटून घेतलेली, एकाच्या गावात दुसरा वही उघडत नाही. ज्या घरांच्या सनदा जळाल्या, वाडे पडले, त्यांचा सगळा इतिहास कित्येकदा या माणसाच्या तोंडात शिल्लक आहे. त्याच्या मुलांना मात्र आता नोकरी हवी आहे, आणि ते चूकही नाही.

भाटाने किंवा हेळव्याने सांगितलेला मूळ पुरुष मात्र जपून घ्यावा. मराठी घराण्यांना उत्तरेकडच्या रजपुतांपाशी जाऊन पोहोचण्याची फार हौस. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकावेळी भोसल्यांचं नातं उदेपूरच्या सिसोदियांशी जोडलं गेलं. रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथात भोसल्यांचं मूळ दक्षिणेकडे, होयसळांच्या बाजूला शोधलं, तेव्हा बरीच खळबळ झाली. खुद्द भोसल्यांनी तर आपली वंशावळ दगडात कोरून ठेवली आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवून घेतलेलं भोसलेवंशाचं चरित्र मराठीत आहे आणि वाचायला निवांत दिवस हवा इतकं लांब. अगदी मागच्या पिढ्यांपाशी तेही पुराणासारखंच बोलू लागतं.

छापील बाजूला कुलवृत्तांत आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आपटे, गोखले, बापट अशा चित्पावन घराण्यांनी पत्रं पाठवून, माणसं फिरवून हे जाडजूड ग्रंथ काढले. प्रत्येक पुरुषाला क्रमांक, जन्म-मृत्यू, शिक्षण, नोकरी, मुलगे. काही ग्रंथांनी एक चांगली गोष्ट केली : सुनेचं माहेरचं नाव आणि वडिलांचं गाव लिहिलं. ते नसतं तर त्या बाईचा माग लग्नाच्या मांडवातच संपला असता.

कारण खरा खड्डा तिथे आहे. वंशावळीत बाई नसते. लग्नात तिचं आडनाव बदलतं, अनेक घरांत नावही बदलतं. पितृपक्षात पिंड देताना आई, आजी, पणजी यांची नावं घ्यावी लागतात, म्हणून निदान तीन पिढ्यांच्या सुना भटजींच्या आणि क्षेत्रीच्या वह्यांत टिकल्या. जमिनीच्या कागदात लेकी शोधायला गेलं तर त्या फार उशिरा भेटतात, त्याही हक्कसोडपत्रावर. म्हणजे भावाच्या नावे जमीन करून देताना बहिणीचं नाव सरकारदप्तरी पहिल्यांदा लागतं. आजच्या जातपडताळणीचा कायदाही बापाच्या बाजूच्याच रक्ताचे पुरावे मागतो. मामाच्या घरात शंभर कागद असले तरी उपयोग नाही.

ज्यांना जमीन नव्हती त्यांचं काय? महारकी वतनाच्या घरांची नावं १८७४च्या वतन कायद्याखालच्या नोंदवह्यांत मिळतात, कारण कुणाची पाळी कधी हे सरकारला ठाऊक असायला हवं होतं. ज्या वतनाला बाबासाहेबांनी गुलामी म्हटलं आणि जे अखेर १९५८च्या कायद्याने गेलं, त्याच्या दप्तरात आज नातवंडं पणजोबा शोधतात. फासेपारध्यांसारख्यांच्या वाट्याला तेही आलं नाही. गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांची नावं पोलिसांच्या हजेरी रजिस्टरात चढवली. भटक्या-विमुक्तांना दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. सतत हाकलल्या जाणाऱ्या माणसाने एका गावचा कागद कुठून आणायचा, याचं उत्तर कुठलाच कारकून देत नाही.

गोव्यात चित्र वेगळं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३मध्ये प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा आणि लग्नाची नोंद ठेवावी असं बंधन घातलं, त्यामुळे कॅथलिक घरांना चर्चच्या वह्यांतून फार मागे जाता येतं. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा तर १५९५पर्यंत, दियोगू दु कौतू या इतिहासकाराच्या नेमणुकीपर्यंत जाते. गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादींमध्ये गावकऱ्यांच्या पुरुष वंशजांची नोंद राहिली, कारण गावच्या उत्पन्नात त्यांचा वाटा होता. देवळांच्या महाजनांचंही तसंच. अलीकडची झुंबड मात्र लिस्बनमुळे आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि ठरावीक अटींवर त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं. आजीचा जन्मदाखला सापडला की युरोपचं दार उघडतं, म्हणून आजीचं नाव कसं लिहिलंय यावर आज वकिलांचा धंदा चालतो.

थुंकीच्या नमुन्यावरून पूर्वज सांगणाऱ्या डीएनए चाचण्यांची आता जाहिरात असते. त्या कुठल्या मोठ्या समूहाशी नातं आहे याचा अंदाज देतात. खापरपणजोबांचं नाव आणि गाव त्यातून निघत नाही.

समुद्रापार गेलेल्या मराठी माणसांची नावं सगळ्यात नेटकी लिहिली मॉरिशसने. २ नोव्हेंबर १८३४ला पोर्ट लुईला गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, पहिली तुकडी उतरली. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, मुंबई बंदरातून त्या मानाने थोडी. रत्नागिरी, सातारा, सावंतवाडीकडची ही कोकणी-देशी माणसं. जिथे ती उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, आणि त्यांची रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये. प्रत्येकाला एक क्रमांक, मग नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जिल्हा, जहाज, उंची, अंगावरची खूण. १८६०च्या दशकापासून फोटोही. मळेवाल्याचा पैसा त्या अंगमेहनतीत गुंतलेला होता, पळून गेला तर पकडता यायला हवा होता, म्हणून ही काळजी.

वंशज तिथे अर्ज करतात आणि पूर्वजाच्या नोंदीचा उतारा घेतात. कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं गाव लिहिलेलं असतं, ते ओळखायला रत्नागिरीचा नकाशा आणि थोडी कल्पनाशक्ती लागते. पहिल्या आलेल्या माणसाचं नुसतं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलेलं असतं, तोही एक गुंता. पण या रजिस्टरात एक गोष्ट अशी आहे जी महाराष्ट्रातल्या कुठल्याच दप्तरात इतकी सरळ मिळत नाही. बाईला तिचा स्वतःचा क्रमांक आहे. नवऱ्याबरोबर आली असली तरी तिची नोंद वेगळी : तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, तिचं गाव, तिची उंची, कपाळावरचा व्रण. तिथून पुढे माग काढत तिची पणती रत्नागिरीच्या अभिलेख कक्षात पोहोचली, तर अर्ज मात्र तिला त्या बाईच्या बापाच्या नावाने करावा लागतो.